खानदेशात कलावंतांनी स्वतःची जागा कशी उभी करावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत चित्र काढणारे आणि मूर्ती घडवणारे हात कमी नाहीत. शाळाशाळांतून कलाशिक्षक आहेत, खिरोद्याच्या सप्तपुट ललित कला भवनासारख्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेले तरुण आहेत, गणपती आणि देवीच्या मूर्तींवर वर्षातील निम्मे महिने घालवणारे मूर्तिकार आहेत, आणि सातपुड्यात भिल्ल व पावरा समाजांच्या स्वतःच्या कलापरंपरा आहेत. परंतु यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारे प्रदर्शन म्हणजे दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलेला एखादा हॉल, उद्घाटन, सत्कार, वर्तमानपत्रातील छायाचित्र, आणि नंतर कापडात गुंडाळून पुन्हा माळ्यावर गेलेली चित्रे. अर्धवट काम दुसऱ्याला दाखवता येईल, त्यावर निवांत बोलता येईल, आणि एखादे चित्र महिनाभर भिंतीवर राहून लोकांच्या सवयीचे होईल, अशी जागा मिळत नाही. ती जागा कलावंतांनी स्वतः उभी करायची असेल तर काय करावे, हे पुढे लिहिले आहे. कामाची जागा आधी आणि प्रदर्शनाची नंतर, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मताला धरून आहेत.

खानदेशाला ही कल्पना अगदीच नवी नाही. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अधिवेशन नगराची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होती, आणि त्यांनी ती बांबूसारख्या परिसरात सहज मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. चाळीसगावला केकी मूस (1912–1989) यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरातच अनेक दशके छायाचित्रे, चित्रे आणि शिल्पे यांचे काम केले, आणि ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. जागा सुरू करू इच्छिणाऱ्या प्रत्येक गटाने पहिली सहल तेथेच काढावी, कारण एका माणसाचे राहते घर कलेसाठी किती पुरे पडू शकते, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

आधी माणसे, मग भिंती

जागा शोधण्यापूर्वी चार ते सहा माणसांचा गट जमला पाहिजे. त्यात सर्वच चित्रकार नसावेत. हिशेब ठेवणारा एक, सुतारकाम किंवा वायरिंग समजणारा एक, आणि लिहिणारा-बोलणारा एक असेल तर गट टिकतो. या गटाने निदान एक वर्ष कोणाच्या ना कोणाच्या घरी, शाळेच्या चित्रकला वर्गात किंवा मळ्यात दरमहा भेटावे आणि प्रत्येकाने त्या महिन्यात केलेले काम सोबत आणावे. देशातील अनेक नामांकित जागा याच वाटेने गेल्या आहेत. दिल्लीच्या खोज या कलावंतांच्या संस्थेची सुरुवात 1997 मध्ये मोदीनगर येथील कार्यशाळेने झाली आणि दिल्लीतील खिडकी नावाच्या वस्तीतील तिची स्वतःची वास्तू काही वर्षांनी आली. बेंगळुरूची वन शांतिरोड ही कलावंतांची जागा सुरेश जयराम यांच्या घरातच चालते. जो गट वर्षभर विनाइमारतीचा भेटू शकत नाही, तो भाडे सुरू झाल्यावर तर मुळीच भेटणार नाही.

याच काळात आपसांतील गोष्टी कागदावर आणाव्यात. दरमहा वर्गणी किती, किल्ली कोणाकडे, कोणाचे काम लावायचे हे कोण ठरवणार, आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याने दिलेल्या पैशांचे काय करायचे, हे मैत्री असताना लिहून काढणे सोपे असते. आपल्याकडे मित्रामित्रांत लिखापढी करणे परकेपणाचे मानले जाते, आणि नेमक्या याच संकोचामुळे चांगले गट फुटतात.

जागा, ऊन आणि कूलर

मुंबईच्या कलादालनासारखी काचेची आणि वातानुकूलित जागा शोधण्याची गरज नाही. जुन्या पेठेतील वाड्याची माडी, बंद पडलेल्या जिनिंगची शेड, गोदाम किंवा गावातील धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, रिकामे घर यांपैकी काहीही चालते. जिनिंगची शेड घेताना मात्र एक गोष्ट तपासावी. शेजारचे जिनिंग चालू असेल तर कापसाच्या हंगामात हवेत तंतू तरंगत राहतात आणि ओल्या तैलरंगावर बसतात, ते नंतर निघत नाहीत. अशा ठिकाणी तैलचित्रांचे काम पावसाळ्यात करावे, किंवा आतल्या बाजूला कापडी पडदे लावून एक खोली वेगळी काढावी.

उन्हाळ्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, पत्र्याखाली माणूस थांबत नाही, आणि मग साहजिकच कूलर आणला जातो. कूलर हवा थंड करतो ती तिच्यात पाण्याचा अंश मिसळून. त्या ओलसर हवेत जलरंगाचा किंवा छपाईचा कागद फुगतो, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा आवळतो, आणि काही दिवसांतच काचेआड त्याला लाटा पडलेल्या दिसू लागतात. फ्रेमला मागून पुठ्ठा घट्ट चिकटवलेला असेल तर बुरशीही धरते. म्हणून कागदावरील कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लावावीत आणि उन्हाळ्यात माती, लाकूड, धातू, कापड किंवा व्हिडिओ यांना जागा द्यावी. कागदाचे काम उन्हाळ्यात लावणे भागच असेल, तर कूलरच्या झोतासमोरची भिंत सोडावी, फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये बुचाचे लहान तुकडे लावून हवा खेळती ठेवावी, आणि खिडकी उघडी ठेवावी.

भिंतीला तकतकीत ऑइलपेंट नको. साधा पांढरा डिस्टेंपर पुरतो आणि खिळ्यांची भोके पुट्टीने बुजवून वर्षातून दोनदा हात मारता येतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 ते 150 सेंटीमीटरवर यावा, परंतु शाळेची मुले मोठ्या संख्येने येणार असतील तर तो खाली घेण्यात काहीच गैर नाही. दिवे घेताना रंग खरे दाखवण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, 90 किंवा त्याहून अधिक असलेले एलईडी घ्यावेत. स्वस्त ट्यूबलाइटखाली तांबड्या रंगाची जी दैना होते, ती चित्रकाराने सोसू नये.

घरमालक ओळखीचा असला तरी करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झाले, हा समज चुकीचा आहे.

दार उघडण्याचा वार आणि चर्चा

आठवड्यातील एक वार आणि वेळ ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ, आणि कोणी येवो न येवो, दार उघडे ठेवावे. पहिले काही महिने बाजूचा दुकानदार आणि कुतूहलाने डोकावणारी पोरे एवढेच लोक येतील. त्यांना चहा द्यावा आणि चित्र समजावून सांगण्याची घाई करू नये.

वर्षाचे वेळापत्रक या भूमीच्या पंचांगाला धरून आखावे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना घरोघरी माणसे जमतात, त्या दिवसांत कार्यक्रम ठेवला तर कोणी येणार नाही. मात्र त्याच्या अलीकडे-पलीकडे ठेवला तर बाहेरगावी असणारी मंडळीही येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत खेड्यातील माणसाला सवड नसते. हिवाळ्यात वांगी आली की भरीत-कळण्याच्या भाकरीच्या पंगती बसतातच, त्यांतली एक पंगत आपल्या जागेत बसवावी. चित्रे पाहायला कधीही न येणारा माणूस भरीत खायला येतो आणि जेवताना भिंतीकडे पाहतो, हे मी मनापासून मोलाचे मानतो.

या जागेचा खरा प्राण म्हणजे कामावरची चर्चा, आणि ती नीट घडवावी लागते. एका बैठकीत एकाच कलावंताचे काम घ्यावे. सुरुवातीची दहा मिनिटे कलावंताने गप्प राहावे आणि पाहणाऱ्यांनी केवळ काय दिसते ते सांगावे: रंग कोणते, रेघ कोठे तुटते, डोळा आधी कोठे जातो. ‘छान आहे’ आणि ‘समजले नाही’ ही दोन वाक्ये या दहा मिनिटांपुरती बाजूला ठेवावीत. त्यानंतर प्रश्न, आणि सर्वांत शेवटी कलावंताचे म्हणणे. बोलणे अहिराणीत, लेवागणबोलीत, पावरीत, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ द्यावे. प्रमाण मराठीचा आग्रह धरला की बोलण्याचे काम पुन्हा शिक्षक आणि प्राध्यापक यांच्याकडेच जाते आणि मूर्तिकार कोपऱ्यात मान हलवत बसतो, वास्तविक मातीचा भार कोठे पडतो हे त्यालाच अधिक कळते.

उद्घाटन आणि सत्कार आखूड ठेवावेत. ज्या भिंतीवर काम लावले आहे तिच्याजवळ कोणत्याही नेत्याच्या किंवा देणगीदाराच्या छायाचित्राचा फ्लेक्स लागणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सर्वांना सारखा लावावा. नंतर तो लावता येत नाही.

पैसा आणि नोंदणी

चेन्नईजवळील चोळमंडल कलाग्राम 1966 मध्ये के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने उभे राहिले, तेव्हा तेथील कलावंतांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून पैसा उभा केला आणि आपल्या चित्र-शिल्पांचे काम त्यापासून मोकळे ठेवले. हा मार्ग आपल्यालाही अनुकरणीय आहे. रविवारचे मुलांचे वर्ग, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांची तयारी, छपाईच्या कार्यशाळा, फ्रेम करून देणे यांतून महिन्याचे भाडे निघाले, तर भिंतीवर काय लावायचे याचा निर्णय विक्रीच्या भीतीने होत नाही. काम विकले गेल्यास जागेचा वाटा आधीच ठरलेला असावा. माझ्या मते तो पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा, आणि कलावंताचे पैसे पंधरा दिवसांत बँकेत जमा व्हावेत.

सुरुवातीला नोंदणीची निकड नसते. अनुदान किंवा देणगी घेण्याची वेळ आली की संस्था नोंदणी कायदा, 1860 खाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवावी आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदणीही करून घ्यावी. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत बदल अर्ज, ही दोन कामे चुकवू नयेत, कारण वादाचे मूळ बहुधा येथेच रुजते. देणगीदाराला करसवलत मिळावी यासाठी आयकर खात्याची, 80जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता लागते. कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) कला आणि संस्कृतीसाठीही देता येतो, त्यासाठी संस्थेने सीएसआर-1 हा अर्ज भरलेला असावा लागतो. दृश्यकलेच्या वेगळ्या वाटांसाठी बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था अनेक वर्षे अनुदाने देत आली आहे, आणि तिचे अर्ज भारतीय भाषांतही लिहिता येतात.

सातपुड्याशी व्यवहार

अक्कलकुवा-धडगावकडील कलावंतांना बोलावताना त्यांना ‘लोककला’ विभागात बसवून मोकळे होऊ नये. त्यांचे नाव लेबलवर इतरांच्याच अक्षरात असावे, प्रवास, मुक्काम आणि मानधन इतरांइतकेच असावे, आणि पूजेशी बांधलेली वस्तू किंवा चित्रण गावाच्या संमतीवाचून भिंतीवर आणू नये. त्याहून चांगले म्हणजे आपणच तिकडे जाऊन काम करणे. छत्तीसगडमधील कोंडागाव येथे कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी स्थानिक आदिवासी कलावंतांसह हातपंपांच्या जागांची नव्याने रचना केली. पाणी भरायला येणाऱ्या बायका आणि मुली रोज जेथे थांबतात, ती जागा तेथील कलावंतांनी सर्वांसाठी घडवली. पाण्यासाठी उभे राहण्याचे असे ठिकाण खानदेशातील गावोगावी आहे.

नोंदी

शेवटचे काम दुर्लक्षित राहते, म्हणून ते एका व्यक्तीला नेमून द्यावे. प्रत्येक प्रदर्शनात लावलेल्या प्रत्येक कामाचे सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात एक छायाचित्र घ्यावे. कलावंताचे पूर्ण नाव, गाव, माध्यम, माप आणि वर्ष वहीत लिहावे. चर्चेत कोण काय म्हणाले, याचे पानभर टिपण त्याच रात्री करावे, दुसऱ्या दिवशी निम्मे विसरलेले असते. वहीची झेरॉक्स आणि छायाचित्रांची प्रत त्या इमारतीबाहेर, गटातील दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवावी. जागा कधी बंद करावी लागली, तर आधी सर्वांची कामे पावती घेऊन परत करावीत आणि वह्यांचा संच जवळच्या जिल्हा वाचनालयात जमा करून त्याची पोच घ्यावी.