मिशिगन सरोवराचा मासा: आधी चरबी काढा

शिकागो-मिलवॉकीकडे गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी हे जरूर करावं. पीसीबी या घातक औद्योगिक रसायनाच्या उत्पादनावर अमेरिकेत 1979 साली बंदी आली, पण ते सहजी विघटित होत नाही. गाळातून लहान जिवांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत जातं आणि चरबीत साठून राहतं. म्हणून कातडी सोला. पोटाकडची पातळ पट्टी, पाठीवरची चरबी आणि कुशीच्या मधोमध जाणारा तपकिरी पट्टाही कापून टाका. मग जाळीवर भाजा, चरबी खाली गळू द्या. ती परत वापरू नका. आपल्याला कालवण प्रिय, पण त्यात सगळी चरबी रश्श्यातच उतरते. डोक्याचा रस्सा आणि गाभोळी तर या माशाची नकोच.

मोठ्या, म्हाताऱ्या लेक ट्राउटपेक्षा लहान पर्च केव्हाही बरा. पारा मात्र मांसातच असतो, तो कापून किंवा शिजवून जात नाही. तिथे किती वेळा खायचं यालाच महत्त्व. आपल्या राज्याचं मासे खाण्याविषयीचं मार्गदर्शन दरवर्षी पाहा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्यासाठीची वेगळी मर्यादा आधी वाचा, मगच मासा चुलीवर चढवा.