दिल्ली की बनारस? प्रवेश घेताना या चुका टाळा

दरवर्षी सीयूईटीचे, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे, गुण हातात आले की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी, भर पावसात, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, पोरं येऊन बसतात. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत बाप नाहीतर मामा. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "सर, दिल्ली विद्यापीठ की बनारस हिंदू? एका शब्दात सांगा." एका शब्दात सांगता आलं असतं तर मी बाल्कांवाला तिकीट लावलं असतं.

पहिली चूक, रँकिंग काढून दाखवणं. २०२४च्या एनआयआरएफ यादीत, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीत, विद्यापीठांमध्ये बनारस पाचवं होतं, दिल्ली सहावं. २०२५मध्ये दिल्ली पाचवं, बनारस सहावं. वर्षभरात गंगा आटली की यमुना निवळली? त्या यादीत संशोधनाला, पीएचडीला वजन असतं. बीएच्या पहिल्या वर्षाच्या बाकापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. बनारस १९१६चं, दिल्ली १९२२चं, दोन्ही केंद्रीय. नावाचा सामना बरोबरीत सुटला असं समजा आणि पुढचं बघा.

विद्यापीठाचं नाव वाचायचं आणि कॉलेजचं नाव सोडून द्यायचं. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्तच बोलतो.

माझा भाचा साखळी गावचा. "दिल्ली लागली" म्हणून फोन आला, घरात पेढे वाटून झाले. मी पडलो मास्तर, शहाणपणा केल्याशिवाय राहवेना. दिल्ली विद्यापीठाची पोरं कमला नगरात राहतात, एवढं कुठूनसं ऐकलेलं. फोनवरूनच पीजीची, म्हणजे पेइंग गेस्टची, खोली ठरवली, एका महिन्याचं भाडं आणि अनामत पाठवूनही दिली. मग मामा-भाचे गोवा एक्स्प्रेसने निघालो. दोन रात्री गाडीत काढून निजामुद्दीनला उतरलो, खोलीत सामान टाकलं आणि कॉलेज बघायला बाहेर पडलो. विश्वविद्यालय मेट्रो स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने कागद बघितला, मग आमच्याकडे बघितलं. "अंकल, ये यहाँ कहाँ है?" कॉलेज होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रो, मग बस, मग ई-रिक्षा; जायला पावणेदोन तास. तास सुरू व्हायचे साडेआठला. तीन आठवडे पोराने ओढले. मग फोन आला: "मामा, म्हापशाला राहून काणकोणला शिकायला जातोय असं वाटतंय." अनामत बुडाली. कॉलेजचा त्यात काडीचा दोष नाही, पत्ता कागदावर छापलेला होता. आम्ही फक्त 'दिल्ली' एवढंच वाचलं होतं.

खरं तर गोव्याच्या माणसाने तरी ही चूक करू नये. ताळगावच्या पठारावरचं आपलं विद्यापीठ आणि मडगाव-म्हापशाची कॉलेजं यांतला फरक आपल्याला ठाऊक असतो. दिल्लीतही बीए, बीएस्सी शिकवतात ती कॉलेजंच. काही विद्यापीठाच्या दारात आहेत, तर काही पार बवाना नाहीतर नजफगडच्या बाजूला. बनारसचं उलट आहे. तिथे लंका नावाच्या भागातल्या फाटकाच्या आत मोठा परिसर आहे, पदवीचे वर्ग आतच भरतात. पण त्याच नावाखाली शहरातली कॉलेजंही येतात. त्यातलं एक राजघाटला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. आणि दक्षिण परिसर तर बरकछाला, मिर्झापूर जिल्ह्यात. घाट बघायला म्हणून निघालेलं पोर तिथे उतरलं की रडवेलं होतं. तेव्हापासून माझी सवय अशी: सीट मिळाल्याच्या कागदावरची ती एक ओळ मोठ्याने वाचायला लावतो, पोराकडून आणि बापाकडूनही. पहिले आठ दिवस लॉजवर काढायचे. खोली त्यानंतर, कॉलेजच्या फाटकापासून चालत जाऊन बघितलेली.

प्राधान्यक्रम दुसऱ्याच्या यादीवरून उतरवणं. दिल्लीत कॉलेज आणि विषय अशा जोड्यांचा क्रम भरायचा असतो. उतावळी पोरं व्हॉट्सॲपवर आलेली कुणा सीनियरची यादी जशीच्या तशी टाकतात, वर नामांकित कॉलेजं, मग विषय कुठलाही असो. पुढच्या फेरीत अपग्रेड मागितलं आणि वरची जोडी लागली, तर हातातली सीट आपोआप जाते. परत मागता येत नाही. राज्यशास्त्र हवं असलेली एक मुलगी अशीच भलत्या विषयात जाऊन बसली, मोठ्या नावाच्या कॉलेजात. मी पोरांना जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हाताने यादी लिहायला लावतो आणि एकेका जोडीवर बोट ठेवून विचारतो, "ही खालची गेली आणि ही वरची मिळाली, तर रात्री झोप लागेल?" तासभर जातो. तासभर बसायची तयारी नसलेल्यांना मी चहा देतो आणि निरोप देतो.

ओबीसीचा दाखला जुनाच जोडणं. राज्याच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघा. एजंटाकडे जाऊ नका, फॉर्म तुम्हालाही वाचता येतो.

सीयूईटीचे विषय मित्राबरोबर निवडणं. दिल्लीला अर्थशास्त्र ऑनर्स हवं तर गणिताचा पेपर द्यावाच लागतो. हे जुलैत कळून उपयोग नाही.

"मराठीतून पेपर दिला, आता पुढेही जमेल." पेपर मराठीतून देता येतो, १३ भाषांत मराठी आहे. वर्गात मात्र इंग्रजी नाहीतर हिंदी.

गोव्यातली सीट न घेणं. इथले प्रवेश आधी होतात, दिल्लीच्या फेऱ्या नंतर. गावातल्या कॉलेजात नाव घालून ठेवा. फी थोडी वाया गेली तर गेली.

येण्याजाण्याचा विचार शेवटी करणं. दिल्लीला मडगावहून रोज गाडी आहे. बनारसला जायचं तर वास्को-पाटणा आठवड्यातून एकदा, तीही मुगलसरायला (आताचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) उतरवते. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि प्रवेश पक्का होतो तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जेमतेम महिन्यावर असते. भाच्याला पहिल्या वर्षी तिकीट मिळालं नाही. आरती त्याने मोबाइलवरच ऐकली. गणपतीवर बांधलेली फळा-पानांची माटोळी नीट दिसावी म्हणून माझी बहीण स्टुलावर चढून फोन धरून उभी होती.