प्रौढ दिव्यांग माणसाला आपल्या घरी ठेवायचं असेल तर : सांगलीतून थोडं अनुभवाचं

विशेष शिक्षण किंवा समाजकार्य शिकणारी मुलं-मुली हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. 'मॅडम, संस्थेत नोकरी करण्यापेक्षा एखाद्या प्रौढ बौद्धिक दिव्यांग माणसाला घरीच ठेवून घेतलं तर? त्यात करिअर होतं का?' बहुतेकांनी ब्रिटनमधल्या 'शेअर्ड लाइव्हज'बद्दल, म्हणजे दिव्यांग प्रौढाला मानधन घेऊन आपल्या घरी ठेवण्याच्या पद्धतीबद्दल, कुठेतरी वाचलेलं असतं. मी सांगलीत विशेष शाळेत शिकवत होते, आणि काही वर्षांपासून आमच्या गावभागातल्या घरी आप्पा राहतात. आप्पा हे घरातलं नाव, खरं इथे देत नाही. चाळिशी ओलांडलेली, बौद्धिक दिव्यांगत्व, अधूनमधून फिट येते. आई-वडील गेले, भाऊ पुण्यात. मी सांगते आहे ते या एका घरातून, एवढं लक्षात ठेवून वाचा.

करिअरचं आधी बोलून टाकू. ब्रिटनमध्ये हा रीतसर व्यवसाय आहे. पूर्वी त्याला 'अ‍ॅडल्ट प्लेसमेंट' म्हणत. तिथे माणूस ठेवणाऱ्या कुटुंबाची काही महिने चौकशी चालते, पार्श्वभूमी तपासली जाते, एक समिती मान्यता देते. घरात साधारण तीनपेक्षा जास्त माणसं ठेवू देत नाहीत. मग जोडी जुळवायची: आधी चहाला भेट, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, आणि दोन्ही बाजू हो म्हणाल्या तरच मुक्काम. देखभालीचे पैसे स्थानिक प्रशासन देतं, राहण्या-जेवण्याचा वाटा तो माणूस स्वतःच्या भत्त्यांतून देतो. इंग्लंडमध्ये या योजना 'केअर क्वालिटी कमिशन' या देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदलेल्या असतात. बेल्जियममधल्या गील गावात तर मानसिक आजार असलेल्या माणसांना घरोघरी ठेवून घेण्याची रीत मध्ययुगापासून चालत आली आहे.

आपल्याकडे कुटुंबांना अशी मान्यता आणि मानधन देणारी सरकारी यंत्रणा नाही. जवळचं म्हणावं तर चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेचं 'होम अगेन'. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायका २०१५ पासून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत चार-पाच जणी मिळून राहतात. बौद्धिक दिव्यांगांसारख्यांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'घरौंदा' योजना आहे, पण ती गटनिवासाची. म्हणजे नुसतं यावर घर चालेल असं मी कुणाला सांगणार नाही. शाळेतली किंवा संस्थेतली नोकरी, थेरपीचं काम, त्याला जोडून हे. आमच्याकडे आप्पांचा भाऊ दरमहा पैसे पाठवतो. त्यात खर्च निघतो, वर माझ्या कामाचा थोडा मोबदला. नातेवाईक हळदी-कुंकवाला येऊन 'किती मिळतात गं?' असं कुजबुजत विचारतात. मी सरळ आकडा सांगते. लपवलं की लोक त्याच्या दुप्पट धरतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. 'आपल्याकडे हे आधीपासूनच आहे की, आपली एकत्र कुटुंबं!' असं कुणी म्हणालं की मला मिरज-तासगावकडच्या वस्त्या आठवतात. जवळपास प्रत्येक मळ्यावर एखादा 'भोळा' चुलता नाहीतर मामा असतो. पहाटे गोठा काढतो, वैरण आणतो, जनावरं पाण्यावर नेतो, दोन वेळा जेवतो आणि सोप्यात झोपतो. घरातले त्याच्यावर माया करतात, हे खोटं नाही. पण त्याच्या हातात पैसा नसतो, त्याच्या नावावरची जमीन कोण कसतं ते त्याला ठाऊक नसतं, आणि 'आज मी नाही करणार' म्हणायची सोय नसते. सालगड्यालाही साल ठरवून मिळतं, याला तेही नाही. शहरात याचं उलटं टोक दिसतं. माणसाला सोफ्यावर बसवायचं, पाण्याचा पेला हातात द्यायचा, शर्टाची बटणंसुद्धा आपणच लावायची. माझ्या सासूबाई पहिले काही महिने आप्पांच्या हातून चहाचं भांडं काढून घेत, 'राहू दे रे बाबा, भाजशील.' दोन्हीकडे त्या माणसाचं मत कुणी विचारत नाही.

म्हणून कुठल्याही घरात गेले की मी एवढंच बघते, की इथे हा माणूस 'नाही' म्हणू शकतो का, आणि म्हणाला तर पुढे काय होतं. आप्पांना गणपती मंदिरात जायला आवडतं, लग्नांना जायला अजिबात नाही. लग्नाला ते येत नाहीत, त्या दिवशी कुणीतरी घरी थांबतं. सकाळचा चहा ते करतात. गॅसची शेगडी बदलून आम्ही इंडक्शन घेतलं तेव्हा सासूबाईंचाही जीव खाली पडला. आप्पांच्या खोलीला आतून कडी आहे, बाहेरून उघडता येईल अशी, फिटमुळे. त्यांचं कपाट त्यांचंच. हातखर्चाचे पैसे दर सोमवारी त्यांच्या पाकिटात जातात आणि त्यातून ते बहुतेक वेळा भडंगच आणतात. डॉक्टर मला विचारतात, 'यांना काय होतंय?' मी आप्पांकडे बघते आणि गप्प बसते. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण हळूहळू डॉक्टरांनाही सवय लागते.

फिटबद्दल दोन शब्द, कारण कांदा हुंगवणं आणि चप्पल नाकाशी धरणं अजून संपलेलं नाही. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणायच्या. फिटची गोळी मनाने बंद करणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

सांगलीत राहणाऱ्यांनी पुराचा विचार आधीच करून ठेवायला हवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. बाकीची माणसं शेवटच्या क्षणी बोटीत बसतील. ज्याला रोजचा क्रम बदलला की घाबरायला होतं तो बसेलच असं नाही. त्यामुळे आम्ही ४० फुटांनाच निघायचं ठरवून टाकलंय, शेजारी हसले तरी. विश्रामबागेत नणंदेकडे जायचं असतं, म्हणून दर उन्हाळ्यात आप्पा तिच्याकडे दोन-तीन रात्री राहून येतात. ती खोली, तो संडास, तिथला कुत्रा त्यांच्या ओळखीचा झालाय. एका प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, दिव्यांग ओळखपत्राच्या प्रती आणि त्यांचा रेडिओ. रेडिओ राहिला तर आप्पा जिना उतरत नाहीत.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण ती नसतील तर बाकीचं सगळं हवेत. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक उरत नाहीत, हे कित्येक घरांत माहीत नसतं. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. आमच्याकडे पालक भाऊच आहे, मी नाही, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. देखभाल करणारा आणि मालमत्तेवर सही करणारा एकच नसलेला बरा. त्याच ट्रस्टची 'निरामय' विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असू द्या, एसटीच्या सवलतीपासून सगळं त्याच्यावर चालतं. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी रस्ता वेगळा: २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, त्यात ती व्यक्ती स्वतः आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, निवडते. हाच कायदा नातेवाईक किंवा मित्रांसोबत राहण्याच्या घराला 'मानसिक आरोग्य आस्थापना' धरत नाही. पण घरात चार-पाच परकी दिव्यांग माणसं पैसे घेऊन ठेवायला लागलात तर ती संस्था झाली. मग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी लागते. तिथे 'घरच आहे हो' चालत नाही.

भावाशी आमचा साध्या कागदावर करार आहे. राहण्या-जेवणाचा खर्च, माझा मोबदला आणि आप्पांचा हातखर्च हे तीन आकडे वेगवेगळे लिहिलेत. आप्पांचं बँक खातं त्यांच्याच नावावर. हिशेबाची वही भाऊ कधीही येऊन बघू शकतो, आणि न सांगता येऊ शकतो. न सांगता येण्याला जे घर हरकत घेतं तिथे आपलं माणूस ठेवू नका.

उत्साही तरुण मुलांना आणखी एक विचारते: घरात हे काम नक्की कोण करणार? निर्णय मुलगा घेतो आणि आंघोळ, गोळ्या, रात्रीची जाग सुनेच्या वाट्याला येते, असं मी बघितलंय. ब्रिटनमध्ये चौकशी घरातल्या सगळ्यांची होते. आपल्याकडे ती आपणच करायची. सुट्टीही ठरवून घ्या. वर्षातून काही दिवस आप्पा भावाकडे जातात. तेव्हा मी माहेरी वाईला जाते आणि फोन उचलत नाही.

विशेष शिक्षण शिकायचं असेल तर त्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रमच निवडा, बाकी प्रमाणपत्रं भिंतीवर टांगायची. साताऱ्याकडच्यांना समाजकार्यासाठी जकातवाडीचं महाविद्यालय जवळ आहे. पण पदवी हातात आली म्हणून लगेच माणूस घरी आणू नका. वर्षभर प्रौढ दिव्यांगांच्या एखाद्या कार्यशाळेत काम करा, तिथल्या पालकांशी ओळख वाढू द्या. एखाद्या आईला दवाखान्यात जायचं असेल तेव्हा तिच्या मुलाला एक दुपार आपल्याकडे ठेवून घ्या, मग एक रात्र. सकाळी त्याला, आईला नाही, विचारा की पुन्हा यायचंय का. होकाराची मान हलवली नाही तर आग्रह करू नका, दुसऱ्या कुणाचा तरी विचार करा.