शॉवरची काच घेताय? आधी पाणी मारून बघा

कोटिंगवाली काच म्हणजे साफ करायचीच नाही असं दुकानदार सांगतात, ते अजिबात धरून चालू नका. कोटिंगमुळे पाणी काचेवर पसरत नाही, थेंब होऊन घसरतं, पण जे थेंब तिथेच सुकतात त्यातला क्षार मागे राहतोच. मुंबई पालिकेचं तानसा-भातसा धरणांचं पाणी त्यामानाने हलकं असतं, खरा त्रास बोअरवेल आणि टँकरचा, आमच्याकडे मे महिन्यात टँकर सुरू झाले की दोन आठवड्यांत नळाच्या उंचीपर्यंत पांढरे ठिपके दिसायला लागतात.

घेताना काच टफन्डच (तापवून मजबूत केलेली) घ्या, ८ किंवा १० मिमी, कोपऱ्यात शिक्का असतो तो बघा, आणि माप व होल आधीच पक्के करा कारण टफन केल्यावर ती कापता येत नाही. कोटिंग फॅक्टरीत केलंय की नंतर स्प्रे मारलाय हे स्पष्ट विचारा, स्प्रेवालं हळूहळू उतरतं आणि परत मारावं लागतं. कोटिंग एकाच बाजूला असेल तर ती बाजू आत, शॉवरकडे यायला हवी, फिटिंगवाल्यासमोर उभं राहून पाणी शिंपडून बघा, थेंब गोल होऊन पळाले पाहिजेत.

नंतर फक्त एक सवय, अंघोळ झाली की रबरी वायपर वरून खाली, अर्धं मिनिट पण लागत नाही. आठवड्यातून एकदा सौम्य लिक्विड सोप आणि मायक्रोफायबर. तारेची घासणी, पावडर, टॉयलेटचं अ‍ॅसिड कृपया नको, आणि बाईंनाही हे नीट सांगून ठेवा. व्हिनेगर वापरायचं तर पातळ करून, लगेच धुवून, आणि खाली मार्बल असेल तर नाहीच, त्याची चमक जाते.