कोनांच्या जोड्या शिकताना या चुका टाळा

सातवी-आठवीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. संलग्न, विरुद्ध, संगत, व्युत्क्रम ही नावे कोन कुठे आहेत ते सांगतात. कोटिकोन (बेरीज ९०°) आणि पूरक कोन (बेरीज १८०°) ही नावे फक्त मापांची बेरीज सांगतात. मुले जागा आणि माप यांची सरमिसळ करतात, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

एका पानावर १३०° चा कोन आणि दुसऱ्या पानावर ५०° चा कोन असला, तरी ते पूरकच. त्यांनी एकमेकांना चिकटून असायची गरज नाही. उलट, दोन कोन शेजारी दिसले की डोळे मिटून १८०° लिहू नका. बाहेरच्या दोन भुजा एका सरळ रेषेत असतील, तरच ती रेषीय जोडी, आणि तरच बेरीज १८०°.

९०° कोणाचे आणि १८०° कोणाचे, हे विसरायला होते? भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हटले आहे. कोटी म्हटले की काटकोन आठवा. त्या त्रिकोणाचे दोन लघुकोन नेहमी कोटिकोनच असतात.

संलग्न कोनांत शिरोबिंदू आणि एक भुजा सामाईक असते, एवढे मुलांना पाठ असते. अंतर्भाग वेगळे हवेत, ही अट मात्र निसटते. मोठ्या ७०° च्या कोनाच्या पोटात, त्याच्याच एका भुजेवर ३०° चा कोन असेल, तर ते दोघे संलग्न नाहीत. त्यांची बेरीज करून १००° लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. इथे वजाबाकी करायची. उरलेला कोन ४०°.

विरुद्ध कोन (दोन रेषा छेदल्यावर समोरासमोर येणारे) समान का, हे घोकू नका. दोघेही एकाच तिसऱ्या कोनाचे पूरक असतात, म्हणून समान. पण आधी तपासा: आकृतीत खरोखर दोन सरळ रेषा छेदतात ना? एखादी रेषा छेदनबिंदूपाशी किंचित वाकली असेल, तर हा नियम लागू होत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक समांतर रेषांची. दोन रेषांना छेदणारी तिसरी रेषा म्हणजे छेदिका. रेषा समांतर असताना तिच्या एकाच बाजूचे, त्या रेषांच्या मधले दोन आंतरकोन (३क्ष + २०)° आणि (२क्ष + ४०)° दिले आहेत. मुले ते समान मानतात; क्ष = २० येतो, दोन्ही कोन ८०°. उत्तर इतके नीटनेटके दिसते की शंकाच येत नाही! पण बेरीज १६०° झाली, म्हणजे या रेषा समांतर राहिल्याच नाहीत. आंतरकोन पूरक असतात, म्हणून ५क्ष + ६० = १८०, क्ष = २४, आणि कोन ९२° व ८८°. आणखी एक: रेषा समांतर आहेत असे दिलेले नसेल, तर केवळ आकृतीत तशा दिसतात म्हणून संगत कोन (दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच जागी असलेले) समान मानू नका.

अडले तर बटर पेपर घ्या आणि कोन गिरवा. संगत कोनासाठी कागद न फिरवता छेदिकेवरून सरकवा. कोन दुसऱ्यावर चपखल बसेल. व्युत्क्रम कोनासाठी (हे कोन छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असतात) कागद अर्धा फेरा फिरवावा लागेल. आंतरकोन, छेदिका लंब नसेल तर, कसेही केले तरी एकमेकांवर बसणार नाहीत; ते कापून शेजारी ठेवले की बाहेरच्या कडा एका सरळ रेषेत येतात.