'आम्ही फोन करू' असं सांगण्याआधी

नव्या रेसिडेंट डॉक्टरांनो, 2020 मध्ये मी ऑन्कोसर्जरीच्या, म्हणजे कॅन्सरच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणाच्या, पहिल्या वर्षाला होते. पीपीई, चष्म्यावर धरणारी वाफ, सहा तास पाणी नाही, हे सगळं तुम्ही ऐकून कंटाळला असाल. ते सोडून देते. मी अडकले ते पुढे ढकललेल्या पेशंटांच्या साध्या रजिस्टरात.

मार्चअखेर आमची ओटी लिस्ट, म्हणजे ऑपरेशनांची यादी, आटली. आयसीयू आणि भूलतज्ज्ञ कोविडकडे गेले, शिबिरं बंद म्हणून रक्ताचीही मारामार. कोणाची केस पुढे ढकलायची ते सर ठरवत, पेशंटला सांगायचं काम माझं. मी केसपेपरवर 'पोस्टपोन्ड' लिहायचे आणि म्हणायचे, "आम्ही फोन करू."

आता नीट ऐका. केसपेपरवरचा नंबर पेशंटचा नसतोच बहुतेक वेळा. तो मुलाचा असतो, भाच्याचा असतो, सोबत आलेल्या शेजाऱ्याचा असतो. गालाच्या कॅन्सरचे एक आजोबा होते, तंबाखूवाले. नंबर मुलाचा. मुलगा पुण्यात अडकलेला, आजोबा गावी, एसटी बंद, ई-पासची भानगड. जूनमध्ये लिस्ट उघडली तेव्हा नंबर बंद लागत होता. रिचार्ज संपलं होतं, बाकी काही नाही. आणि आजोबा? "डॉक्टरीणबाईंचा फोन येणार आहे" म्हणून दुसरीकडे कुठेही गेले नाहीत. माझ्या शब्दावर बसून राहिले. आले तेव्हा तोंड उघडेना, आत बोट जाईना. जुन्या सीटीत ऑपरेशन होण्यासारखं होतं, नव्या सीटीत नव्हतं.

म्हणून फोनचा वायदा करू नका. हातात तारीख लिहून द्या: फोन आला नाही तरी या दिवशी यायचं. नंबर दोन घ्या, एक गावातल्या आशाताईंचा. सीटी महिन्याहून जुना असेल तर पुन्हा काढा, सर वैतागले तरी.

हे फक्त माझ्याकडे झालं असं नाही. 61 देशांतल्या 20,006 कॅन्सर पेशंटांच्या अभ्यासात 2,003 जणांचं ठरलेलं ऑपरेशन कोविडपायी राहून गेलं. भारतातल्या 41 कॅन्सर केंद्रांत मार्च ते मे 2020 मध्ये मोठ्या शस्त्रक्रिया आदल्या वर्षीपेक्षा 49 टक्क्यांनी घटल्या, नवी नोंदणी 54 टक्क्यांनी. शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो, हेही त्याच वर्षी छापून आलं. मला ते आजोबांनंतर वाचायला मिळालं.

पण घाबरून प्रत्येक केस तातडीची करू नका. थायरॉइडचा पॅपिलरी, म्हणजे सावकाश वाढणारा कॅन्सर, बहुतेक वेळा थांबू शकतो. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या, स्तनाच्या कॅन्सरला हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर काही महिने धरता येतं. आणि नीट आखलं तर त्या काळातही काम होत होतं: टाटा मेमोरियलमध्ये 23 मार्च ते 30 एप्रिल 494 ऑपरेशनं झाली, त्यांतला एकही पेशंट दगावला नाही. तुम्ही पुढे ढकललेली केस म्हणजे तुमचं पाप नव्हे. विसरलेली केस मात्र आहे.

एक माझं खासगी मत. व्हॉट्सअ‍ॅपवर सीटीचा फोटो टाकून 'ओके सर' मिळवणं म्हणजे ट्यूमर बोर्ड, सगळ्या तज्ज्ञांनी बसून केस ठरवायची बैठक, नव्हे. सरांनी पाठवलेल्या अंगठ्याच्या इमोजीवर कोणाची सही नसते, नाव तुमचंच येतं. त्यापेक्षा ओपीडीतल्या जुन्या सिस्टरला विचारा. कोण कुठल्या गावचं, कोणाचा जावई रिक्षा चालवतो, तिला पाठ असतं. मला माझ्या गाइड सरांपेक्षा तिनेच जास्त पेशंट शोधून दिले.

माझ्या रजिस्टरात आता शेवटचा रकाना आहे: 'फोन कोणी उचलला'. दर सोमवारी मीच भरते. इंटर्नला देत नाही.