आगरातल्या कॉफीची फळे कधी तोडावीत?

कोकणातल्या सखल, दमट आगरात सुपारीच्या सावलीत कॉफीची चार झाडे लावायची तर रोबस्टा जातच बरी, कारण अरेबिका या दुसऱ्या जातीला हजार मीटरच्या आसपासची उंची मानवते. एका घोसातली फळे एकदम पिकत नाहीत. म्हणून फांदी ओरबाडण्याचा मोह टाळून दोन-तीन वेळा वेचणी करावी. केवळ रंगावर विसंबू नये. पिकलेले लाल फळ चिमटीत दाबताच साल फाटून दोन बिया बुळबुळीत गरासह सटकन बाहेर येतात. हिरवे फळ मात्र दाबाला दाद देत नाही. क्वचित एकच गोल बी निघते, तो दोष नव्हे.

तोडलेली फळे पाण्यात टाकावीत. तरंगणारी बहुधा पोकळ, किडकी किंवा झाडावरच वाळलेली असतात, ती वेगळी काढावीत. रुजवणीचा काजू पाण्यात पारखणाऱ्यांना ही युक्ती ठाऊकच आहे. परंतु कच्ची फळेही बुडतात, तेव्हा त्यांची निवड हातानेच करावी लागते.

त्याच दिवशी फळे खळ्यात पातळ पसरावीत, वरखाली करावीत आणि रात्री दवापासून झाकावीत. मूठभर फळे कानाशी हलवल्यावर आत बी खुळखुळू लागली, की ओलावा साधारण ११ टक्क्यांपर्यंत उतरत आला असे समजावे.